गोंदण हौसेचे, जपणूक जखमेची

कुरकुंभ (ता. दौंड) : नवरात्रात फिरंगाई मातेच्या दर्शनाला येणाऱ्या गर्दीत हातावर त्रिशूळ, ‘आई’ ही दोन अक्षरे किंवा शिवरायांची राजमुद्रा गोंदवलेला तरुण आता नवलाचा राहिलेला नाही. औद्योगिक वसाहतीत कामाला असलेले कामगार, दौंडच्या महाविद्यालयांत शिकणारी मुले, सैन्यभरतीसाठी पहाटे रस्त्याने धावणारे उमेदवार अशा सर्वांनाच या हौसेने गाठले आहे. पूर्वी ज्याला गोंदण म्हणत, त्याचे ‘टॅटू’ झाले, सुईच्या जागी यंत्र आले आणि पाच-दहा रुपयांच्या जागी हजारोंचा हिशेब आला. मात्र चित्र काढून घेईपर्यंत जेवढा विचार होतो, त्याच्या निम्माही विचार पुढच्या तीन आठवड्यांचा होत नाही. वास्तविक चित्र चांगले राहणार की फिसकटणार, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे शरीराला अपाय होणार की नाही, याचा निम्मा निकाल गोंदणाऱ्याच्या हातून सुटल्यावर, घरी लागत असतो.

नवे गोंदण ही एक जखम आहे, ही साधी गोष्ट येथे प्रथम ध्यानात घ्यावी लागते. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली याने 1891 मध्ये विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचे पेटंट घेतले. एडिसनच्या विद्युत लेखणीची कल्पना त्याने त्यात वापरली होती. आजची यंत्रे त्याच वंशातली आहेत. त्यांच्या सुया मिनिटाला शेकडो, प्रसंगी हजारो वेळा त्वचेत शिरतात आणि साधारण एक ते दोन मिलिमीटर खोलीवर शाई सोडतात. त्वचेचा वरचा थर सतत झिजत आणि नव्याने तयार होत असतो. शाई तेवढ्यावरच राहिली, तर महिन्याभरात नाहीशी व्हावी. म्हणून ती त्याखालच्या अंतस्त्वचेत सोडली जाते. तेथे रक्तवाहिन्या आहेत, चेतातंतू आहेत. तळहाताएवढे चित्र काढायचे म्हणजे तळहाताएवढ्या भागाची चाळण करायची, असाच त्याचा अर्थ होतो.

शाई तेथे वर्षानुवर्षे टिकते कशी, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही बराच काळ पडला होता. शरीरात बाहेरचा कण शिरला की भक्षकपेशी त्याला गिळण्यासाठी धावतात. शाईचे कणही त्या गिळतात, परंतु ते त्यांना पचवता येत नाहीत. फ्रान्समधील मार्से येथील संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांच्या शेपटीवर हिरवे गोंदण करून दाखवून दिले, की जुन्या भक्षकपेशी मेल्या म्हणजे त्यांच्यातील रंग मोकळा होतो आणि शेजारी नव्याने आलेल्या पेशी तोच रंग पुन्हा गिळून जागच्या जागी धरून ठेवतात. थोडक्यात, हातावरचे चित्र म्हणजे शरीराने आयुष्यभर चालवलेली एक न संपणारी साफसफाई आहे. काही रंगकण लसीकावाहिन्यांतून काखेतील वा जांघेतील गाठींपर्यंतही जातात. मोठे गोंदण केल्यावर काखेत अवधाण आल्यासारखे दुखते, याचे कारण जखमेला शरीराने दिलेला हा प्रतिसादच असतो. दोन-चार दिवसांत ते ओसरते. ओसरले नाही, तर मात्र डॉक्टर गाठावा.

जुन्या चालीतले काय घ्यावे

गोंदण या मुलखाला नवे नाही. दौंड-शिरूरच्या कोणत्याही गावात सत्तरी ओलांडलेल्या स्त्रीच्या कपाळावर हिरवट ठिपके आणि हातावर तुळशीवृंदावन, विंचू, मोर अथवा नवऱ्याचे नाव आजही दिसते. मेल्यावर सगळे दागिने उतरवले जातात, गोंदण तेवढे बरोबर येते, ही समजूत घरोघर होती. गोंदणारणी जत्रेत पथारी टाकून बसत. दोन-तीन सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या असत आणि काजळीपासून केलेला रंग नारळाच्या करवंटीत किंवा वाटीत कालवलेला असे. गोंदून झाले, की वरून हळद आणि तेल लावले जाई, आणि माहेरवाशीण दोन दिवस हात मिरवत फिरे.

त्यामुळे आज घरात नातवाने गोंदवून आणले, की आजीचा पहिला सल्ला हळद लावण्याचा असतो. यात आजीचे चुकते असे म्हणण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. पण त्वचारोगतज्ज्ञ ते करतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. हळदीत दाह कमी करणारे गुण असले, तरी डब्यातली हळद निर्जंतुक नसते. दळताना, साठवताना, चमच्याने काढताना तिच्यात धूळ आणि जंतू मिसळतात. पूर्वीचे गोंदण म्हणजे बोटभर रेघ आणि चार ठिपके असे. आजचे गोंदण कोपरापासून मनगटापर्यंत पसरते. टाचणीच्या टोचणीला जे चालून गेले, ते वीतभर सोललेल्या कातडीला चालेलच असे नाही. राख, शेण, घासलेट, टूथपेस्ट किंवा विड्याचा चुना यांपैकी काहीही नव्या गोंदणावर लावणे तर सरळसरळ धोक्याचे आहे. शेण-मातीतून धनुर्वाताचे जंतू जखमेत जाऊ शकतात. ज्यांनी गेल्या दहा वर्षांत धनुर्वाताची लस घेतलेली नाही, त्यांनी गोंदवून घेण्याआधीच ती घेणे शहाणपणाचे ठरते.

जुन्या पद्धतीतला खरा धोका मात्र हळदीचा नव्हता, सुईचा होता. एकाच जुडग्याने ओळीने दहा-वीस जणींना गोंदले जाई. त्या काळी कावीळ झाली तर ती कशाने झाली, हे कुणाला उमगत नसे. हिपॅटायटिस ‘बी’चा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो, हे आज ठाऊक आहे. हिपॅटायटिस ‘सी’ आणि एचआयव्ही यांचाही प्रसार दूषित सुईतून होतो. त्यामुळे जत्रेतल्या बॅटरीवरच्या यंत्राजवळ बसताना सुई नवी आहे का, ती आपल्यासमोर पाकिटातून काढली का, शाई छोट्या टोपणात वेगळी ओतून घेतली का आणि उरलेली पुन्हा बाटलीत तर जात नाही ना, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. नुसती सुई बदलूनही भागत नाही. सुई धरणारी नळी आणि मूठ हीसुद्धा रक्ताने माखलेली असते. ती एकदाच वापरायची तरी असावी, नाहीतर वाफेच्या दाबाखाली 121 अंश सेल्सिअसला निर्जंतुक केलेली असावी. गरम पाण्यात बुडवून फडक्याने पुसलेली मूठ म्हणजे निर्जंतुक मूठ नव्हे. या प्रश्नांनी गोंदणारा चिडला, तर तेवढ्यावरूनच काय ते ओळखावे.

पहिला दिवस आणि पहिला आठवडा

गोंदण पूर्ण झाल्यावर चांगला कारागीर ती जागा स्वच्छ करतो, मलमाचा पातळ हात देतो आणि वर आच्छादन घालतो. हे आच्छादन किती वेळ ठेवायचे, हे त्याच्या प्रकारावर ठरते. साधी न चिकटणारी पट्टी किंवा प्लॅस्टिकचा पातळ कागद असेल, तर काही तासांतच तो काढावा. प्लॅस्टिकखाली घाम आणि लस साचते आणि दौंडच्या उन्हाळ्यात तर तेथे जंतूंना आयतेच उबदार घर मिळते. श्वास घेऊ देणारा, औषधी दर्जाचा पारदर्शक चिकट पापुद्रा लावला असेल, तर तो काही दिवस राहू शकतो. मात्र त्याच्या कडा सुटल्या किंवा खाली बरेच पाणी साचले, तर तो काढून जागा धुवावी. घरातल्या डब्यांवर लावायचा स्वयंपाकघरातला प्लॅस्टिक कागद दिवसच्या दिवस गुंडाळून ठेवणे हा चुकीचा प्रकार आहे.

आच्छादन काढण्याआधी हात साबणाने धुवावेत. ही सूचना इतकी साधी आहे, की ती वाचून पुढे जाण्याचा मोह होतो. परंतु घरी होणाऱ्या संसर्गाचे दार बहुतेक वेळा आपलेच बोट उघडते. त्यानंतर कोमट पाणी आणि बिनवासाचा सौम्य साबण (तान्ह्या मुलांसाठीचा असला तरी चालतो) घेऊन बोटांनी अलगद जागा धुवावी. रक्त, लस आणि सांडलेली शाई निघून जाईल एवढेच करायचे आहे. घासणी, काथ्या, खरखरीत पंचा यांना येथे काम नाही. शाईचे पाणी निघाले म्हणून घाबरू नये. वर राहिलेला तो जादा रंग असतो, चित्र धुऊन जात नाही.

धुतल्यावर जागा टिपून कोरडी करावी, पुसू नये. घरातला टॉवेल चार जणांच्या हातातून गेलेला असतो. त्यापेक्षा कागदी रुमाल किंवा धुऊन उन्हात वाळवलेले स्वच्छ सुती कापड बरे. मग पाच-दहा मिनिटे हवा लागू द्यावी आणि पेट्रोलियम जेली किंवा बिनवासाच्या मॉइश्चरायझरचा अगदी पातळ थर द्यावा. थर पातळ असणे महत्त्वाचे आहे. भाकरीला लोणी लावावे तसे मलम थापले, की त्वचा ओली राहून भुसभुशीत होते, खपली सैल पडते आणि तिच्याबरोबर रंगही जातो. हा क्रम दिवसातून दोन-तीन वेळा, सुमारे दोन आठवडे करायचा आहे.

पाणी कोणते वापरावे, हा प्रश्न कुरकुंभ परिसरात अनाठायी नाही. औद्योगिक वसाहतीतील सांडपाणी आणि त्यामुळे बिघडलेल्या विहिरी यांविषयी या भागातील ग्रामस्थांच्या तक्रारी जुन्या आहेत. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण विरघळलेली रसायने जात नाहीत. त्यामुळे जे पाणी आपण विश्वासाने पितो, तेच पहिले दोन आठवडे जखमेसाठी वापरावे.

स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा डेटॉलचे दाट द्रावण वापरण्याची अनेकांना सवय असते. जे झोंबते ते गुणकारी, असा आपल्याकडे एक समज आहे. ही द्रव्ये जंतूंबरोबर नव्याने वाढणाऱ्या पेशींनाही इजा करतात आणि जखम भरायला उशीर लावतात. औषधाच्या दुकानातून ‘लाल झाले आहे’ एवढेच सांगून आणलेल्या मिश्र मलमांचे त्याहून वाईट. यांतील पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असते. त्याने लाली लगेच उतरते, माणूस निर्धास्त होतो आणि खाली संसर्ग असेल, तर तो पसरत राहतो. स्टेरॉइडच्या मलमांचा असा सर्रास वापर पाहूनच केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, असा नियम केला. तरीही ती काउंटरवरून मिळतात, हे उघड गुपित आहे.

खाज सुटते तेव्हा

चौथ्या-पाचव्या दिवसापासून खरी परीक्षा सुरू होते. ठणका थांबलेला असतो, सूज उतरलेली असते आणि कातडीचे रंगीत पापुद्रे सुटू लागतात. उन्हाने भाजलेल्या पाठीची साल निघते, तसेच हे असते. काही ठिकाणी पातळ खपली धरते. आणि खाज सुटते. ती इतकी सुटते, की झोपेत नख लागते. खपली ओढली, तर तिच्याखालची अर्धवट भरलेली जखम पुन्हा उघडते. तेथे रंग उडून पांढुरके ठिपके राहतात किंवा कायमचा वण पडतो. खाज आली तर तळहाताने हलके थोपटावे, स्वच्छ कापडात गुंडाळलेला गार पाण्याचा शेक द्यावा, मॉइश्चरायझरचा पातळ हात फिरवावा. नखे कापलेली ठेवावीत. रात्री स्वच्छ, सैल सुती बाहीचा सदरा घालून झोपावे आणि अंथरूणावरची चादर बदलावी. घरात कुत्रे-मांजर किंवा गोठ्यातले काम असेल, तर त्या काळात हात झाकलेला असावा.

दोन आठवड्यांनी पापुद्रे संपतात, मात्र त्वचा चकचकीत आणि चित्र किंचित धुरकट दिसते. ‘रंग बसला नाही’ अशी तक्रार घेऊन लोक याच सुमारास गोंदणाऱ्याकडे जातात. वर आलेली नवी कातडी अजून पातळ असल्याने तसे दिसते. वरवरची जखम दोन-तीन आठवड्यांत भरते, आतला थर पूर्ववत होण्यास दोन-तीन महिने, कधी त्याहून अधिक काळ लागतो. कुठे रंग कमी पडला असेल, तर तो भरून घेण्याची घाई महिना-दीड महिना तरी करू नये.

या काळात दोन गोष्टींपासून दूर राहणे आवश्यक असते, पाणी आणि ऊन. अंघोळीला हरकत नाही. पाण्यात बसून राहण्याला आहे. विहीर, कालवा, भीमेचे पात्र, शेततळे, जलतरण तलाव या सर्वांना किमान तीन आठवडे रजा द्यावी. उन्हाळ्याच्या सुट्टीत विहिरीत उडी मारल्याशिवाय ज्यांचा दिवस जात नाही, त्यांनी गोंदण सुट्टीनंतर करावे, हे उत्तम. साठलेल्या पाण्याचा धोका किती असू शकतो, याचे अमेरिकेतील एक उदाहरण 2017 मध्ये गाजले. पायावर नवे गोंदण केलेला 31 वर्षांचा एक माणूस पाच दिवसांनी मेक्सिकोच्या आखातात पोहला. त्याचे यकृत आधीच मद्यपानाने दुबळे झालेले होते. समुद्राच्या पाण्यातील व्हिब्रिओ जातीचे जंतू जखमेतून रक्तात गेले आणि पुढे महिन्यांच्या उपचारांनंतरही तो वाचू शकला नाही. ते जंतू खाऱ्या, कोमट पाण्यातले. गोड्या पाण्यात जंतू वेगळे असतात, एवढाच काय तो फरक.

उन्हाचे म्हणाल, तर दौंड तालुका पर्जन्यछायेतला. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. ताज्या गोंदणावर ऊन पडले, तर त्वचा भाजते, फोड येतात आणि रंग फिकटतो. जखम भरेपर्यंत तेथे सनस्क्रीनही लावू नये; सैल कापडाने झाकणे हाच उपाय. जखम पूर्ण भरल्यावर मात्र 30 किंवा अधिक ‘एसपीएफ’चे सनस्क्रीन कायमच लावावे. गोंदणाचा रंग वर्षानुवर्षे टवटवीत राखण्यासाठी याहून स्वस्त उपाय नाही.

कारखान्यात आणि शेतात

शहरातल्या तरुणासाठी लिहिलेल्या सूचनांत वातानुकूलित कार्यालय गृहीत धरलेले असते. कुरकुंभच्या वसाहतीत रासायनिक व औषधी कारखान्यांची गर्दी आहे आणि तेथील कामगाराला आठ तास जाड कपडे, हातमोजे आणि गमबूट घालून घामात उभे राहावे लागते. त्याच्यासाठी प्रश्न निराळे आहेत. हातमोज्याची कड नेमकी मनगटाच्या वर घासते, गमबुटाची कड पोटरीवर, पट्टा कमरेवर. या जागा निवडल्या, तर जखम रोज आठ तास घासली जाणार, हे उघड आहे. दंडाचा वरचा भाग किंवा पाठीचा वरचा भाग त्यामानाने सोयीचा. सुरक्षेसाठी पाठीवर पट्टे बांधून उंचावर चढणाऱ्यांना मात्र पाठही नाही.

रसायनांचा मुद्दा अधिक गंभीर आहे. धड त्वचा ही एक भिंत असते. ताज्या गोंदणात त्या भिंतीला हजारो भोके पडलेली असतात. द्रावके, आम्ले, अल्कली, कीटकनाशकांची भुकटी यांचा थेंब अशा जागी पडला, तर जळजळ आणि शोषण दोन्ही जास्त होते. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी गोंदवून घेऊन तिसऱ्या दिवशी पाळीवर हजर होणे म्हणूनच बरे नाही. सलग रजा मिळणार असेल, तेव्हाच हे काम काढावे आणि कामावर परतल्यावर जागा निर्जंतुक, न चिकटणाऱ्या पट्टीने झाकावी, घाम आल्यावर ती बदलावी. काही सांडलेच, तर लगेच पट्टी काढून वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटे धरावे आणि कारखान्याच्या वैद्यकीय कक्षाला नव्या गोंदणाचीही कल्पना द्यावी. गोंदणाबद्दल बोलणी बसतील, या भीतीने ते लपवले जाते आणि उपचार चुकतात.

ऊसतोडीच्या, गुऱ्हाळाच्या कामाचेही तसेच. उसाची पाचट कातडीला बारीक चिरे पाडते, गुऱ्हाळाच्या भट्टीची धग आणि राख जखमेवर बसते. शेतात औषध फवारणी असेल, तर पंधरा दिवस ते काम दुसऱ्यावर सोपवावे. हे प्रत्येकाला परवडणारे नाही, याची जाणीव ठेवूनच सांगायचे, तर ज्याला परवडत नाही त्याने गोंदणाचा मुहूर्त हंगाम संपेपर्यंत पुढे ढकलावा.

काहींनी तर गोंदवण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. मधुमेह ताब्यात नसेल, तर जखम चिघळते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर रक्तस्राव वाढतो. कोड किंवा सोरायसिस असलेल्यांना सुईच्या जागी नवे डाग उमटू शकतात. ज्यांच्या अंगावर साध्या जखमेचीही टणक, वाढत जाणारी गाठ होते (डॉक्टर तिला केलॉइड म्हणतात), त्यांनी विशेषतः छाती आणि खांदा टाळावा; सावळ्या त्वचेत ही प्रवृत्ती अधिक आढळते. गरोदर स्त्रियांनी बाळंतपण होईपर्यंत थांबावे.

डॉक्टरकडे कधी

पहिले दोन-तीन दिवस लाली, हलकी सूज, थोडी लस हे सारे स्वाभाविक आहे. ओळखण्याची खूण एकच, ती म्हणजे दिवसागणिक दुखणे उतरते आहे की चढते आहे. तिसऱ्या दिवसानंतर वेदना वाढू लागली, लाली चित्राच्या बाहेर पसरू लागली, जागा तापली, पिवळा-हिरवा पू किंवा दुर्गंधी आली, हातावरून काखेकडे लाल रेघ सरकताना दिसली, थंडी वाजून ताप आला, तर गोंदणाऱ्याला दूरध्वनी करीत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मेडिकलमधून स्वतःच प्रतिजैविकाच्या गोळ्या आणून तीन दिवस घेणे आणि बरे वाटताच सोडून देणे, याने दुखणे दडते.

काही संसर्ग उशिरा डोके वर काढतात. गोंदण छान भरले असे वाटत असताना दोन-तीन आठवड्यांनी नेमक्या एका रंगाच्या भागात बारीक लाल पुटकुळ्या येतात आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. अमेरिकेतील रोचेस्टर येथे 2011-12 मध्ये अशा 19 जणांना क्षयाच्या जंतूंच्या दूरच्या भावकीतील मायकोबॅक्टेरियम केलोनी या जंतूची लागण झाली. चौकशीत दोष निघाला, तो आधीच पाणी घालून तयार केलेल्या करड्या शाईच्या बाटल्यांचा. सुया नव्या होत्या, तरी लागण झाली. शाई पातळ करण्यासाठी नळाचे पाणी वापरणाऱ्याकडून गोंदवून घेऊ नये, हा त्यातला धडा जत्रेच्या पथारीलाही लागू आहे. लाल रंगाची ॲलर्जी तर महिन्यांनी, क्वचित वर्षांनीही उद्भवते.

शाईत काय असते, हा प्रश्न त्यामुळेच जगभर विचारला जात आहे. युरोपीय संघाने 4 जानेवारी 2022 पासून गोंदणाच्या शाईतील चार हजारांहून अधिक रसायनांवर निर्बंध घातले. आपल्याकडे 2025 मध्ये कर्नाटकाच्या आरोग्य खात्याने शाईच्या नमुन्यांत घातक धातू आढळल्याचे सांगून नियमनाचा प्रश्न पुढे आणला. गल्लीतल्या दुकानात वापरली जाणारी बाटली मूळची की नकली, हे गिऱ्हाईकाला कळण्याचा मार्ग आज जवळजवळ नाही. बाटलीवर निर्मात्याचे नाव, तुकडी क्रमांक आणि मुदत छापलेली आहे ना, एवढे पाहता येते. भ्रमणध्वनीवर तिचे छायाचित्र काढून ठेवले, तर पुढे ॲलर्जी आल्यास डॉक्टरांचे निम्मे काम सोपे होते.

सुईबद्दल शंका असेल, तर मनात ठेवून झुरू नये. सरकारी रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गोपनीय होते. माहितीसाठी 1097 हा क्रमांक आहे. एचआयव्ही टाळण्यासाठीची औषधे सुरू करायची, तर 72 तासांच्या आत करावी लागतात. हिपॅटायटिस ‘बी’ची लस उपलब्ध आहे. तिच्या तीन मात्रा पूर्ण होण्यास सहा महिने लागतात, त्यामुळे ती गोंदवण्याच्या बेताआधी घ्यायची गोष्ट आहे. 2011 नंतर देशभर बालकांना ती देण्यात येऊ लागली. त्याआधी जन्मलेल्या अनेकांनी ती घेतलेली नसते. ‘सी’वर लस नाही, उपचार मात्र आहेत.

भरती आणि रक्तदान

दौंडमध्ये राज्य राखीव पोलीस बलाचे गट आहेत आणि तालुक्यातील शेकडो मुले दरवर्षी सैन्यात आणि पोलिसांत जाण्याची तयारी करतात. त्यांच्यासाठी गोंदण ही केवळ त्वचेची बाब नाही. लष्कराच्या नियमानुसार कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतील बाजूस आणि तळहाताच्या मागील बाजूस केलेले गोंदण चालते. अन्यत्र असल्यास उमेदवार अपात्र ठरू शकतो. आदिवासी समाजांच्या परंपरागत गोंदणाला सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत नियम आणखी काटेकोर असून सलाम न करणाऱ्या, म्हणजे डाव्या हाताच्या आतील बाजूस, त्या भागाच्या पाव हिश्शाहून लहान असलेले गोंदण ग्राह्य धरले जाते. दंडावर मोठ्या हौसेने काढलेला वाघ नेमका येथे आडवा येतो. मग भरतीच्या तोंडावर चुना, आम्ल किंवा तापवलेल्या उलथन्याने तो घालवण्याचे प्रयत्न होतात. चित्र जात नाही, भाजल्याचा वण मात्र राहतो. लेसरने गोंदण काढता येते, पण ते काम एका बैठकीचे नव्हे. प्रत्येक बैठकीत सहा-आठ आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते आणि सावळ्या त्वचेवर फिकट किंवा काळपट डाग राहण्याची शक्यता असते. काळा रंग तुलनेने लवकर जातो, हिरवा आणि पिवळा हट्टी. काढायला लागणारा खर्च काढून घेण्याच्या खर्चाच्या कित्येक पट होतो. भरतीचा विचार असलेल्याने जाहिरातीतील वैद्यकीय निकष आधी वाचावेत आणि मगच जागा ठरवावी. बैठकांच्या काळातही जखमेची काळजी वर सांगितल्याप्रमाणेच घ्यावी लागते.

रक्तदानाचेही असेच. गणेशोत्सव, शिवजयंती, एखाद्या नेत्याचा वाढदिवस यांनिमित्त गावोगाव शिबिरे होतात आणि त्याच उत्साहात गोंदवून घेतलेले कार्यकर्ते रांगेत उभे राहतात. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गोंदणानंतर बारा महिने रक्तदान करता येत नाही. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत तपासणीत विषाणू सापडतोच असे नाही, म्हणून ही मुदत आहे. अर्ज भरताना तो रकाना अनेक जण घाईत सोडून देतात. गोंदवल्याची तारीख त्यासाठी लिहून ठेवावी. शिबिरात नोंद घेणाऱ्याला ती आपणहून सांगावी, आणि त्याने परत पाठवले तर वर्षभराने पुन्हा यावे.